पहिला टॅरो कॅट निवडताना आधी लहान पत्ते बघा

टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून त्यांतून अर्थ वाचणं, शिकायचं मनात आलं की पहिली अडचण येते ती खरेदीची. शोधायला बसलं की शेकडो कॅट समोर येतात. सोनेरी कडांचे, काळ्या पार्श्वभूमीवर चांदण्या विखुरलेले, मांजरांचे, जलपऱ्यांचे. प्रत्येकाच्या जाहिरातीत मात्र तीच सात-आठ चित्रं असतात: चंद्र, सूर्य, तारा, प्रेमी, सम्राज्ञी. त्यातल्या एखाद्या चंद्रावर आपण भाळतो आणि कॅट मागवून मोकळे होतो.

माझंही तसंच झालं. चंद्राचा पत्ता इतका देखणा होता की बाकीचे बघायची गरजच वाटली नाही. पहिल्याच आठवड्यात हातात कप्सचा पाच नंबरचा पत्ता आला. निळ्या रंगावर पाच पेले, बाकी काही नाही. कॅटबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं ‘दुःख, नुकसान’. मी त्या पेल्यांकडे कितीतरी वेळ बघत बसले, पण त्यात दुःख कुठे दिसेना. महिनाभर पत्ता काढायचा, पुस्तिका उघडायची, दोन शब्द वाचायचे आणि विसरायचे, असं चाललं. मग तो कॅट कपाटात गेला. आज तोच कॅट मी आनंदाने वापरते, पण शिकायला बसले तेव्हा तो माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हता.

म्हणून आता कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: मोठे पत्ते सगळ्याच कॅटमध्ये सुंदर असतात, निवड करायची ती लहान पत्त्यांवरून. असं का, ते कळायला कॅटची रचना आधी समजून घ्यावी लागते. ती अवघड नाही.

७८ पत्त्यांचा हिशोब

आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पत्ते असतात. चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि वर गुलाम, राणी, राजा. टॅरोचा मोठा भाग अगदी असाच आहे. इस्पिक-बदाम-चौकट-किलवरऐवजी इथे वाँड्स म्हणजे दंड, कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. चेहऱ्याचे पत्ते तीनऐवजी चार असतात: पेज, नाइट, क्वीन, किंग. म्हणजे हरकाम्या पोरगा, घोडेस्वार, राणी आणि राजा. एका रंगाचे १४, चार रंगांचे ५६. यांना मायनर अर्काना म्हणतात. त्यांच्या जोडीला कुठल्याच रंगाचे नसलेले २२ पत्ते असतात, ते मेजर अर्काना. मूर्ख, जादूगार, सम्राट, मृत्यू, चंद्र, सूर्य, जग हे सगळे यातले.

आता जरा वेगळी मोजदाद करा. मेजर २२, चेहऱ्याचे १६ आणि एक्का ते दश्शी असे ४०. अर्ध्याहून जास्त कॅट या आकड्यांच्या, म्हणजे मी ज्यांना लहान म्हणते त्या पत्त्यांचा आहे. तीन पत्ते मांडले तर त्यात यातला निदान एक येतोच, असं धरून चाला. बरेचदा दोन येतात. जाहिरातीत मात्र हे चाळीस जवळपास दिसतच नाहीत.

हे चाळीस बऱ्याच कॅटमध्ये मुके का असतात, याचं कारण टॅरोच्या इतिहासात आहे. टॅरो जन्माला आला तो भविष्य सांगायला नाही, खेळायला. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत श्रीमंत घराण्यांसाठी हाताने रंगवलेले, सोन्याचा वर्ख लावलेले कॅट बनत. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी केलेले असे पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. आपण ज्यांना आज गूढ मानतो त्या मोठ्या पत्त्यांपैकी २१ हे त्या खेळातले हुकमाचे पत्ते होते आणि मूर्खाचा पत्ता त्यांच्या बाहेरचा, स्वतःच्या नियमाने चालणारा. फ्रान्समध्ये हा खेळ आजही खेळला जातो. खेळणाऱ्याला पाच पेल्यांच्या पत्त्याकडून एकच माहिती हवी असते: पेले किती? तिथे चित्रात गोष्ट असायचं कारणच नव्हतं.

या पत्त्यांना प्राचीन ज्ञानाचं वलय आलं ते बरंच नंतर. १७८१ मध्ये पॅरिसमधल्या आंत्वान कूर द जेबलां या विद्वानाने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा लपवलेला ग्रंथ आहे असं लिहून टाकलं. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉंने उलगडायला सुरुवात केली ती १८२२ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. इजिप्तच्या दाव्याला कसलाही पुरावा नव्हता, पण लोकांना तो आवडला, आणि लगेचच एतेया या नावाने लिहिणाऱ्या एका फ्रेंच माणसाने खास भविष्यासाठी कॅट तयार केला. कुठल्याही खोक्यावर ‘इजिप्तचं पाच हजार वर्षांचं रहस्य’ असं दिसलं, तर तो मजकूर कॅट निवडताना हिशोबात धरू नका.

१९०९ मध्ये काय बदललं

डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने एक कॅट बाजारात आणला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीची. तिने त्या चाळीस पत्त्यांमध्येही माणसं आणली, प्रसंग आणले. ही कल्पना अगदी नवी नव्हती. पंधराव्या शतकाच्या अखेरीचा सोला बुस्का नावाचा एक इटालियन कॅट आहे, त्यातल्या आकड्यांच्या पत्त्यांवरही चित्रं आहेत. त्याचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते. स्मिथची तलवारींची तिर्री, हृदयात घुसलेल्या तीन तलवारी, त्याच्या शेजारी ठेवून बघितली की तिने ते फोटो पाहिले होते याबद्दल शंका राहत नाही. पण चाळीसच्या चाळीस पत्ते गोष्टीसारखे वाचता येतील असं काम पुढच्या सगळ्या टॅरोवर ठसलं ते तिच्यामुळे.

तोच कप्सचा पाच नंबरचा पत्ता, आपल्या पत्त्यांच्या भाषेत पंजी, तिच्या कॅटमध्ये बघा. काळ्या झग्यात गुरफटलेलं एक माणूस मान खाली घालून उभं आहे. समोर तीन पेले लवंडलेत, आतलं सगळं जमिनीवर सांडलंय. त्याची नजर त्यावरच खिळली आहे. पाठीमागे दोन पेले शाबूत उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे छोटासा गढीवजा वाडा. आता पुस्तिका बंद ठेवून सांगा, या माणसाचं काय चाललंय? काहीतरी गेलंय. सगळं गेलेलं नाही. परत जायला वाटही आहे, पण त्यासाठी मागे वळावं लागेल. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तुम्ही बघितलंत. आणि बघितलेलं विसरत नाही.

स्मिथने नाट्यक्षेत्रात काम केलं होतं, आणि ते तिच्या पत्त्यांत जाणवतं. कितीतरी पत्त्यांत पात्रं रंगमंचावर उभी असावीत तशी उभी आहेत, मागे पडदा रंगवल्यासारखा देखावा. पात्राचं मन चेहऱ्यापेक्षा त्याच्या उभं राहण्यातून कळतं. दंडांच्या दश्शीत एक माणूस दहा दंडांची मोळी कवटाळून वाकून चाललाय, तोंड त्या मोळीतच बुडालंय, म्हणून समोरचं गाव त्याला दिसत नाही. चारही घोडेस्वार शेजारी मांडा: तलवारीचा चौखूर उधळलाय, दंडाचा घोडा मागच्या पायांवर उभा आहे, पेल्याचा संथ पावलं टाकतोय आणि नाण्याचा जागचा हललेला नाही. चार स्वभाव, एक अक्षर न वाचता.

या कॅटला बरीच वर्षं ‘रायडर-वेट’ म्हणत आले, म्हणजे प्रकाशकाचं नाव आणि कल्पना सांगणाऱ्याचं नाव. जिने ७८ चित्रं काढली तिचं नाव त्यात नव्हतं. काम संपल्यावर तिने एका परिचिताला पत्रात लिहिलं होतं की एक मोठं काम फार थोड्या पैशांत केलं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावाचा गाजावाजा नव्हता. हल्ली अभ्यासक ‘रायडर-वेट-स्मिथ’ म्हणतात, मीही तसंच म्हणते, आणि तुम्हीही म्हणावं असं मला मनापासून वाटतं. तिची सापासारखी वळणदार सही प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात आहे. कॅट हातात आला की ती नक्की शोधा.

मग सगळ्यांनी हाच घ्यायचा का?

शंका असेल तर हो, हाच. इंग्रजीतली शिकवणारी बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ यातली चित्रं समोर धरूनच बोलतात. पुस्तक एका घराण्याचं आणि कॅट दुसऱ्याचा असला की नवशिक्याचा गोंधळ उडतो. एकच उदाहरण पुरे. मार्सेय या जुन्या फ्रेंच घराण्याच्या पत्त्यांत आठव्या क्रमांकावर न्याय आणि अकराव्यावर बळ आहे. रायडर-वेट-स्मिथमध्ये त्यांची अदलाबदल केली आहे. पुस्तकात ‘आठवा पत्ता, सिंहाला शांत करणारी स्त्री’ असं वाचून तुम्ही मार्सेय कॅट उघडता, तर तिथे तराजू धरलेली बाई बसलेली.

याच रेषांच्या वेगवेगळ्या रंगसंगतीही मिळतात. काही भडक पिवळ्या-निळ्या, काही मऊ छटांच्या. २००९ मध्ये शताब्दीनिमित्त निघालेल्या आवृत्तीत जुन्या छपाईसारखे दबलेले रंग आहेत. तुमच्या डोळ्याला जी शांत वाटेल ती घ्या, शिकण्यात फरक पडत नाही.

मार्सेय कॅट म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये लाकडी ठोकळ्यांवरून छापले जात त्या पत्त्यांचं घराणं. लाल, निळा, पिवळा, ठसठशीत रेषा. मला ते फार आवडतात. पण त्यातले चाळीस लहान पत्ते खेळाचेच आहेत, आठ तलवारी म्हणजे आठ तलवारी आणि मधे एक फूल. ते वाचायचे तर आकडा आणि रंग यांची सांगड मनातल्या मनात घालावी लागते. आकड्यांत विचार करायची ज्यांना उपजत गोडी आहे त्यांनी इथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. इतरांनी दुसरा कॅट म्हणून घ्यावा.

तिसरं मोठं नाव थोथ. अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याच्या सांगण्यावरून फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात त्याची चित्रं रंगवली. पत्त्यांच्या रूपात तो नीट निघाला १९६९ मध्ये, तेव्हा दोघंही हयात नव्हते. रंगांची आणि भूमितीची अशी श्रीमंती दुसरीकडे क्वचित दिसते. पण लहान पत्त्यांवर माणसं नाहीत आणि त्याऐवजी एकेक शब्द छापलेला आहे. कप्सच्या पंजीवर इंग्रजीत ‘निराशा’. एकदा तो शब्द वाचला की डोळे चित्राकडे जातच नाहीत. शिवाय चेहऱ्याच्या काही पत्त्यांची नावं बदललेली, काही मोठ्या पत्त्यांची नावंही बदललेली, आणि मागे ज्योतिष व कबाला ही ज्यू गूढविद्या यांचा मोठा पसारा. ही खोल विहीर आहे, पोहायला शिकायची जागा नव्हे.

उरतात ते आजचे असंख्य कॅट, मांजरांपासून अवकाशवीरांपर्यंत. यातले पुष्कळ रायडर-वेट-स्मिथच्याच चौकटीवर उभे असतात, आणि ज्यांना जुन्या चित्रांतले गोरे राजे-सरदार परके वाटतात त्यांना असा एखादा कॅट जवळचा वाटू शकतो. ती ओढ खरी असते, ती दाबू नका. फक्त पारखून घ्या.

पारख कशी करायची

पैसे देण्यापूर्वी ७८ पत्ते बघायला मिळालेच पाहिजेत. बहुतेक कॅटचे सगळे पत्ते एकेक करून दाखवणारे व्हिडिओ असतात. असा एक लावा, मोठे पत्ते सरळ पुढे ढकला आणि पाच ठिकाणी थांबा: कप्सची पंजी, तलवारींची छक्की, दंडांची दश्शी, नाण्यांची दुर्री आणि कप्सची अठ्ठी. नाव हाताने झाका. प्रत्येक चित्राबद्दल एक वाक्य मोठ्याने म्हणा: ‘हा माणूस अमुक करतोय.’ तलवारींच्या छक्कीत मूळ चित्र असं आहे की नावाडी होडी वल्हवतोय, आत अंग आवरून बसलेली बाई आणि एक मूल, आणि होडीत सहा तलवारी रोवलेल्या. तुमच्या कॅटमध्ये होडी नसली तरी चालेल. मांजर भिंतीवरून पलीकडच्या अंगणात जात असलं तरी चालेल. पण कुठून तरी कुठेतरी चाललंय, जड काहीतरी बरोबर आहे, हे दिसायला हवं. पाचांपैकी चार ठिकाणी वाक्य सुचलं तर कॅट तुमच्यासाठी चांगला आहे. दोनच ठिकाणी सुचलं तर तो कितीही सुंदर असो, सध्या राहू द्या. गोड कॅटमध्ये हे फार होतं: चित्रकाराला दुःख काढवत नाही, मग तलवारींची नव्वीसुद्धा गोंडस होऊन बसते. मध्यरात्री उठून चेहरा ओंजळीत लपवलेल्या माणसाचा तो पत्ता आहे. तो गोंडस झाला की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

खोक्यावर ‘टॅरो’ हा शब्द आणि ७८ हा आकडा आहे ना, हेही बघून घ्या. ‘ओरॅकल’ लिहिलेल्या कॅटमध्ये पत्ते कितीही असू शकतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. लेनोरमां हा ३६ पत्त्यांचा स्वतंत्र प्रकार आहे. दोन्ही वाईट नाहीत, पण त्यावरून टॅरो शिकता येत नाही.

हाताचाही विचार करा. टॅरोचे पत्ते साधारण ७० बाय १२० मिलिमीटरचे असतात, तर खेळायचे पत्ते बहुधा ६३ बाय ८८चे. ७८ पत्त्यांचा हा जाड गठ्ठा लहान हातांना पिसता येत नाही, आणि जो कॅट पिसायला त्रास होतो तो खोक्यातच राहतो. छोट्या आकाराच्या आवृत्त्या मिळतात, पण चित्रंही तेवढी लहान होतात. मोठ्या आकाराचे पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवले तरी काही बिघडत नाही. पुठ्ठा फार जाड नको, फार गुळगुळीत नको. काळ्या कडांचे पत्ते महिन्याभरात कोपऱ्यांवर पांढरे दिसू लागतात आणि सोनेरी कडांचे सुरुवातीला एकमेकांना चिकटतात, हे माहीत असावं इतकंच. उलटे पडलेले पत्ते वेगळ्या अर्थाने वाचायचा विचार असेल तर पाठीमागची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते का ते बघा. मी म्हणेन, पहिले काही महिने पत्ते सरळच ठेवा. ७८ सरळ अर्थ आधी रुळू देत.

नकली कॅटपासून जपा. गाजलेल्या कॅटच्या चोरून छापलेल्या प्रती सर्रास विकल्या जातात. पुस्तिकेच्या जागी नुसता क्यूआर कोड, चित्रं धूसर, कडेला कापली गेलेली, पुठ्ठा हलका, किंमत संशय यावा इतकी कमी. एखादी चित्रकर्ती दोन-तीन वर्षं खपून ७८ चित्रं काढते, तिच्या हातात यातलं काहीही पडत नाही. स्मिथच्या बाबतीत जे घडलं ते निदान आपल्या हातून पुन्हा घडू नये.

आणि हो, पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, भेटच मिळावा लागतो, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्याला काही आधार नाही. टॅरो छापायला लागल्यापासून तो दुकानांत विकलाच जात आला आहे. रेशमी कापडात गुंडाळावं, चांदण्यात ठेवावं, हे ज्याला भावतं त्याने करावं, कॅटला त्याची गरज नसते. मृत्यूच्या पत्त्याचीही भीती बाळगू नका. पत्ते भविष्य सांगतात याला वैज्ञानिक आधार नाही. आजारपणाचे किंवा पैशाचे निर्णय त्यांच्यावर सोपवू नयेत. पण मनात घोळणारा प्रश्न बाहेर काढून टेबलावर ठेवायला, त्याच्याकडे वेगळ्या बाजूने बघायला एक चांगलं चित्र जी मदत करतं, ती मी अनेकदा अनुभवली आहे. त्यासाठी चित्र बोलकं हवं, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

कॅट घरी आला की आधी ७८ पत्ते मोजून घ्या. माहितीचे एक-दोन जादाही निघू शकतात. मग कप्सचे एक ते दहा वेगळे काढा आणि पुस्तिका न उघडता एका ओळीत मांडा. ढगातून आलेला हात आणि ओसंडून वाहणारा पेला. एकमेकांसमोर पेले धरलेली दोघं. पेले उंचावून नाचणाऱ्या तिघी. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला, समोर आलेला पेलाही न बघणारा तरुण. मग तो काळा झगा. फुलांनी भरलेले पेले आणि लहान मुलं. ढगांत तरंगणाऱ्या सात मोहांपुढे थबकलेली आकृती. चंद्राच्या उजेडात आठ पेले मागे सोडून डोंगराकडे निघालेला माणूस. तृप्त होऊन बसलेला गृहस्थ. आणि शेवटी इंद्रधनुष्याखाली हात उंचावलेलं जोडपं, शेजारी नाचणारी दोन मुलं. ही गोष्ट स्वतःच्या शब्दांत, मोठ्याने सांगत जा. जिथे अडाल, तिथे पुस्तिका उघडा.